रेंजचा आंबा

प्रवासवर्णन लिहायचे तर माणसाने निदान काश्मीरला तरी जाऊन यावे, असा संकेत आहे. आमच्या इमारतीतली सगळी बिऱ्हाडे या बाबतीत माझ्या पुढे आहेत. समोरचे दोनदा युरोप करून आले. शेजारचे तर चारधाम आटोपून वर सिंगापूरही पाहून आले. मी मात्र छत्तीस वर्षे बँकेच्या पिंजऱ्यात बसून दुसऱ्यांच्या नोटा मोजल्या आणि निवृत्त झाल्यावर आवर्जून पाहायला गेलो ते काय, तर मोखाडा तालुक्यातला एक पाडा आणि त्या पाड्यावरचा एक आंबा! तेही ऑक्टोबर महिन्यात, म्हणजे आंब्याला आंबा नसताना.

सकाळी मुलुंडहून निघालेला माणूस दुपारच्या जेवणाला तिथे पोचतो. मला पोचायला जवळजवळ दोन वर्षे लागली, त्याची ही हकिकत.

२०१९ च्या दिवाळीनंतर आमच्या कुंपणाला लागून असलेल्या मोकळ्या जागेत इमारतीचे बांधकाम सुरू झाले. मजूर आले ते मोखाड्याकडचे, ठाकूर समाजाचे. पत्र्याच्या खोपटांत त्यांचे संसार उभे राहिले आणि एक दहा वर्षांची पोर रोज सकाळी कळशी घेऊन आमच्या तळमजल्यावरच्या दारात पाण्याला येऊ लागली. उंबऱ्याशी यायची, कोणी पाहिले की भुर्रकन निघून जायची. आमची ही तिला चिमणी म्हणू लागली. तिचे खरे नाव मला ठाऊक आहे, पण ते छापलेले तिला आवडायचे नाही. तेव्हा आपणही चिमणीच म्हणू.

चिमणीजवळ प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेले पाचवीचे पुस्तक होते. गावच्या शाळेतून दिवाळीनंतर ती आईबापांबरोबर निघाली, तेव्हा पुस्तक तिने बरोबर घेतले होते. दुपारी आमच्या पायरीवर बसून ती वाचायची. एकदा तिने मला विचारले, "आजोबा, हा काळ्या ठिपक्यांचा चौकोन कशाचा?"

मी चष्मा लावून पाहिले. पानाच्या कोपऱ्यात मुंग्यांनी सभा भरवावी तसला एक चौकोन होता. मी आयुष्यभर सह्या पडताळल्या, शिक्के ओळखले. पण हे काय ते मला कळेना. "किंमत असेल," मी म्हणालो. रविवारी नातू आला. त्याने खिशातून मोबाइल काढून त्या चौकोनावर धरला आणि क्षणात पडद्यावर धडा सुरू झाला! चित्रे हलू लागली, एक बाई गोड आवाजात समजावून सांगू लागल्या. 'दीक्षा' नावाची केंद्र सरकारची योजना सप्टेंबर २०१७ पासून सुरू आहे आणि बालभारतीच्या पुस्तकांतले हे चौकोन तिकडची दारे आहेत, हे ज्ञान मला बारा वर्षांच्या नातवाकडून मिळाले.

चिमणी दचकून मागे सरली. मग तिने पुस्तक उलटे करून पानाच्या पाठीमागे काही आहे का ते पाहिले. काही नाही असे दिसल्यावर ती म्हणाली, "म्हंजे ज्याच्याकडं मोबाइल, त्याचंच पुस्तक बोलतं?"

या प्रश्नाला उत्तर नव्हते. आम्ही तिला लाडू दिला.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली. एका पहाटे खोपटी रिकामी दिसली. सगळी मंडळी चालत गावाकडे निघून गेली होती. शाळा बंद झाल्या आणि शाळा म्हणजे पडदा असे समीकरण झाले. माझ्या नातवाला स्वतंत्र खोली, स्वतंत्र टॅब्लेट, कानाला यंत्र आणि मधल्या सुट्टीत आईच्या हातचे थालीपीठ. तो सुद्धा कंटाळून जांभया द्यायचा. आणि चिमणी?

मला आकड्यांची खोड आहे. वर्तमानपत्रात राष्ट्रीय नमुना पाहणीचे २०१७-१८ चे आकडे आले होते: शहरांत शंभरांतल्या ४२ घरांत इंटरनेटची सोय, खेड्यांत जेमतेम १५, संगणक शहरांत २३ घरांत, खेड्यांत चार-साडेचार. हे आकडे मी कात्रण करून ठेवले, आणि माणूस आकडे पाहून जे करतो तेच केले. नवा मोबाइल घेतला आणि जुना दान केला! २०२० च्या दिवाळीनंतर मुकादम पुन्हा कामावर आला, त्याच्या हाती तो चिमणीसाठी पाठवला. आत तीन महिन्यांचे पैसे भरून दिले. आणि ही गोष्ट मी इमारतीत, भाजीवाल्याला, वाचनालयात, इतक्या लोकांना सांगितली की अखेर आमची ही म्हणाली, "अहो, मोबाइल दिलात, कर्णाची कवचकुंडले नव्हेत."

वर्ष होत आले. त्या नंबरावर लावावे तेव्हा एकच उत्तर: संपर्क क्षेत्राच्या बाहेर. मनात नको नको ते येई. विकला असेल, बापाने पत्त्यांत घालवला असेल. शेवटी हीच म्हणाली, "कुढत बसण्यापेक्षा एकदा जाऊन बघून या." मुकादमाने शाळेतल्या गुरुजींचा नंबर दिला. चार दिवस प्रयत्न केल्यावर गुरुजी सापडले. "शनिवारी या, काका. दुपारी आंब्याखाली असतो आम्ही," एवढे बोलून तेही क्षेत्राबाहेर गेले.

असा मी ऑक्टोबर २०२१ मधल्या एका शनिवारी ठाण्याला कसारा लोकल पकडून निघालो.

कसाऱ्याला गाडी रिकामी होते. आपल्या लोकलचे हे शेवटचे टोक, पुढे घाट. स्टेशनाबाहेर जीपगाड्या उभ्या असतात. एकीत मागे आठ, मध्ये पाच आणि ड्रायव्हरच्या शेजारी तीन माणसे बसली, शिवाय एक कोंबडी, तेव्हा कुठे ती हलली. विहीगाव मागे पडले आणि दोन्ही बाजूंना डोंगर उलगडू लागले. भात कापणीला आलेले. उतारावर नागली आणि वरई, मध्येच खुरासणीची पिवळीधमक शेते. कोणी डोंगराला हळद लावून बसवले आहे असे वाटावे. खाली वळणावळणाने वैतरणेचे पाणी चमकत होते.

त्या पाण्याकडे पाहून मी जरा अवघडलो. कारण ते माझ्या ओळखीचे होते. १९५७ सालचे मोडकसागर काय, अप्पर वैतरणा काय, २०१४ मध्ये लोकार्पण झालेले मध्य वैतरणा काय, मुंबईच्या नळांना येणारे बरेचसे पाणी याच खोऱ्यातले. चिमणी रोज सकाळी कळशी घेऊन आमच्या दारात येई, ती आपल्याच डोंगरातले पाणी मागायला येत होती! इथे पाऊस उदंड पडतो आणि उतारावरून वाहून जातो. एक भाताचे पीक निघाले की जमीन कोरडी. म्हणून दिवाळी झाली की माणसे वसई-भिवंडीकडे वीटभट्टीवर किंवा बांधकामावर निघतात. मार्च-एप्रिलात इथल्या बायका विहिरीत वाट्यांनी पाणी भरतात. शेजारच्या प्रवाशाला मी हे बोलून दाखवले. तो म्हणाला, "पाणी हितून जातं, बाबा. रेंज तिकडून येत नाही."

खोडाळ्याला गुरुजी मोटरसायकल घेऊन उभे होते. वय पस्तिशीचे, अंगावर धुतलेला पण इस्त्री नसलेला शर्ट, पाठीवर वारकऱ्याने बांधावी तशी पिशवी. मला मागे बसवून त्यांनी जो रस्ता धरला त्याला रस्ता म्हणायचे ते केवळ उपकाराची फेड म्हणून. दोन ओढे ओलांडल्यावर एक टेकाड आले आणि टेकाडावर तो आंबा.

आंबा जुना, डेरेदार. अख्ख्या पाड्यात मोबाइलला आवाज लागतो तो फक्त त्याच्या पूर्वेच्या फांदीखाली, म्हणून त्याचे नावच पडले आहे 'रेंजचा आंबा'. "तो रायवळ, तो शेपू, आणि हा रेंजचा," असे एका म्हातारीने मला इतक्या सहज सांगितले, की जणू ही आंब्याची जातच आहे. कामावर गेलेल्या मुलाशी बोलायला आई तिथे येते. मुलीचे बाळंतपण झाले की बातमी तिथे पोचते. आणि टाळेबंदीत शाळा तिथे भरू लागली.

त्या महिन्याच्या ४ तारखेपासून खेड्यांतले पाचवीच्या पुढचे वर्ग पुन्हा सुरू झाले होते. धाकट्यांची शाळा मात्र अजून बंदच होती. त्यामुळे आंब्याखालची शाळा शनिवार-रविवारी अजून चालू होती. पोरे घोळक्याघोळक्याने बसली होती. एका घोळक्यात मला चिमणी दिसली. दोन वर्षांत उंच झालेली, सातवीतली. आणि माझा मोबाइलही दिसला; पण तो होता एका भलत्याच पोराच्या हातात!

खरे सांगतो, माझ्या कपाळाला आठी पडली. मी तो चिमणीला दिला होता. मी तिला बाजूला बोलावून विचारले, "काय गं, तुझा मोबाइल त्याच्याकडे कसा?"

ती म्हणाली, "आज त्याचा वार हाये, आजोबा."

मग गुरुजींनी सगळा हिशेब सांगितला. पाच पाडे, चौसष्ट मुले, आणि चालू स्थितीतले मोबाइल अकरा. चौसष्टाला अकराने भाग जात नाही, पण त्यांनी घातला होता: पाच-सहा मुलांचा एक गट, गटाला एक मोबाइल. रोज एकाचा वार. पहिल्या महिन्यात त्यांच्या लक्षात आले, की वार कोणाचाही असो, यंत्र शेवटी मोठ्या मुलाच्या हातात जाते आणि मुली मागून मान उंच करून बघतात. तेव्हा नियम झाला: ज्याचा वार त्यानेच धरायचे आणि सोमवार मुलीचा. "सोमवार का?" मी विचारले. "नवा धडा सोमवारी उघडतो. जो उघडतो त्याला तो आपला वाटतो," गुरुजी म्हणाले.

"पण रेंज नसताना धडा येतो कुठून?"

गुरुजींनी पिशवीतून एक काड्यापेटी काढली. आत नखाएवढी काळी कार्डे होती. ते राहायला मोखाड्याला. रविवारी रात्री तिथे आठवड्याचे धडे मोबाइलवर उतरवून घ्यायचे, अकरा कार्डांवर भरायचे आणि सोमवारी पाड्यापाड्यावर जाऊन वाटायचे. त्याच वेळी आधीच्या आठवड्याच्या वह्या तपासायच्या. मोबाइल भरून घ्यायला शाळेच्या छपरावरची सौर पाटी. जुलै २०२० पासून सह्याद्री वाहिनीवर 'टिलीमिली' म्हणून मुलांचा कार्यक्रम लागत असे. ज्या पाड्यावर टीव्ही होता तिथे मुलांना त्या घरी पाठवायचे, आणि घरधन्याने दार लावून घेऊ नये म्हणून त्याच्याकडे चहाला जायचे. "हाही शिक्षणाचाच भाग आहे, काका," गुरुजी म्हणाले.

मी बसून एक धडा पाहिला. सहा डोकी एका पडद्यावर टेकलेली. पंधरा मिनिटांत गुरुजींनी तो तीनदा थांबवला. धड्यातल्या शहरी मुलाने सरकत्या जिन्यावरून वर जायला किती वेळ लागला, असे उदाहरण होते. सरकता जिना कोणी पाहिला होता? फक्त चिमणीने, ठाण्याच्या स्टेशनात. ती उभी राहिली आणि तिने ठाकरी बोलीत, हातवारे करून, जिना सरकतो म्हणजे काय ते सांगितले. पोरे हसून लोळली. मग पडदा बंद. पुढचा पाऊण तास दगड, चिंचोके, काडक्या, वही. गुरुजी एकेका घोळक्याशी उकिडवे बसत होते. जे पडद्यावरच्या बाईंनी सांगितले ते कोणाला कळले, कोणाला कळले नाही आणि कोण नुसतीच मान डोलावतो आहे, हे ओळखणे त्या बाईंना शक्य नव्हते, गुरुजींना होते. तीच गोष्ट उलटीही खरी होती. गुरुजी एक, पाडे पाच. ते चौथ्या पाड्यावर असताना पहिल्या पाड्यावरचा धडा थांबत नव्हता, तो त्या नखाएवढ्या कार्डामुळे.

आपल्याकडे या कामात नावाजलेली माणसे आहेत. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या शाळेत रणजितसिंह डिसले गुरुजींनी पुस्तकांत असे चौकोन बसवले; २०२० साली त्यांना जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला आणि त्यातली निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांना वाटून दिली. कसाऱ्याच्या अलीकडे, शहापूर तालुक्यात, पष्टेपाड्याची शाळा 'डिजिटल शाळा' म्हणून लोक पाहायला जात. मी गुरुजींना हे सांगू लागलो, तर ते म्हणाले, "त्यांचंच पाहून शिकलो. पण आमच्याकडे पाहायला काही नाही, काका. एक आंबा आहे."

मला मात्र आठवण झाली ती त्याहून जुनी. याच पालघर जिल्ह्यात, डहाणूकडे, कोसबादची टेकडी आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला काम सुरू केले आणि १९५७ मध्ये त्या कोसबादला आल्या. मुले शाळेत येत नाहीत, तर शाळेने मुलांच्या अंगणात जावे, म्हणून अंगणवाडी. पोरे गुरे राखायला रानात असतात, तर शाळेने रानात जावे, म्हणून कुरणशाळा. त्या बायांच्या झोळीत चिंचोके आणि शंखशिंपले होते. या गुरुजींच्या काड्यापेटीत कार्डे आहेत. झोळी बदलली, चालणे तेच आहे. आम्ही शहरातली माणसे यंत्र पाठवतो आणि समजतो की शाळा पाठवली.

दुपारी चिमणीच्या घरी जेवलो. कुडाचे स्वच्छ सारवलेले घर. नागलीची भाकरी, उडदाची आमटी, आणि पाहुणा म्हणून माझ्या ताटात एक अंडे. बाप अबोल होता. दिवाळी झाली की भट्टीवर निघायचे होते; मुकादमाकडून उचल घेऊन झाली होती. "पोरगी?" मी विचारले. "येईल संगं. धाकट्याला कोण सांभाळंल?" तो म्हणाला. गुरुजी भाकरी मोडत गप्प होते. हे बोलणे त्यांनी पुष्कळ घरांत ऐकलेले होते.

मी बँकेतला माणूस. उचलीचा विषय निघाला म्हणून सहज विचारले, किती घेतली, विटांचा भाव काय. बापाला नीट सांगता येईना. तेव्हा चुलीपाशी बसलेली चिमणी उठली आणि वही घेऊन आली. सातवीच्या गणितात समप्रमाण-व्यस्तप्रमाण आहे. गुरुजींनी ते पुस्तकातल्या उदाहरणांवर न शिकवता भट्टीवर शिकवले होते: हजार विटांना इतके, तर साडेबारा हजारांना किती, दोन माणसांना इतके दिवस, तर तिघांना किती. चिमणीने त्या रीतीने मागच्या हंगामाचा, बापाला आठवत होता तसा, सगळा हिशेब मांडला होता. खाली एक आकडा आणि त्याभोवती गोल. मुकादमाने जेवढे फिटले म्हणून सांगितले आणि प्रत्यक्षात जेवढे फिटायला हवे होते, त्यातला तो फरक.

मी हिशेब तपासला. छत्तीस वर्षे तेच केले. एका ठिकाणी हातचा चुकला होता. तो सुधारल्यावर फरक थोडा कमी झाला, पण राहिला.

बाप बराच वेळ त्या गोलाकडे पाहत होता. त्याला अक्षर येत नाही. मग तो म्हणाला, "ही वही घिऊन मुकादमाकडं जाता येईल?"

"येईल," गुरुजी म्हणाले, "मी येतो. पण पुढच्या वर्षाचा हिशेब कोण लिहील? ती भट्टीवर गेली तर सातवी गेली. सातवी गेली की वही गेली."

त्या घरात तेव्हा भाषणे झाली नाहीत. आजी कोपऱ्यातून म्हणाली, "ऱ्हाऊ दे पोरीला माझ्यापाशी. धाकटा बी ऱ्हाऊ दे." आईने डोळ्याला पदर लावला आणि विचारले, की मग पोरांशी बोलायचे कसे? मोबाइल आपण नेऊ का? गुरुजींनी माझ्याकडे पाहिले. मोबाइल मी दिलेला; मी हो म्हटले असते तर तो गेला असता आणि सहा मुलांचा सोमवार त्याच्याबरोबर गेला असता. मी म्हणालो, "तो इथलाच आहे. तुम्हांला मी दुसरा पाठवतो."

खोडाळ्याच्या बाजारात बटणांचा साधा मोबाइल मिळतो. न चित्रे, न इंटरनेट. दीड हजारांच्या आत आला. मागचा महागातला मोबाइल पाठवताना मी पंधरा जणांना सांगितले होते. हा घेतला तो कोणाला बोललो नाही. त्या एवढ्याशा यंत्रामुळे एक मुलगी शाळेत राहिली, असे माझे मत आहे. गुरुजींचे मत विचाराल तर ते आजीला श्रेय देतात.

परतताना गुरुजींना विचारले, "हे असे किती दिवस चालणार?" ते म्हणाले, "शाळा पुरती उघडेल तेव्हा लोकांना वाटेल, मोबाइलचं काम संपलं. मला तसं वाटत नाही. माझ्याकडे एक खोली आणि तीन इयत्ता आहेत. एकीला पडद्यापुढे बसवलं की दुसरीशी मला बोलता येतं." १ डिसेंबर २०२१ पासून धाकट्यांचेही वर्ग उघडले. काड्यापेटी चालूच राहिली.

आता गोड शेवट करायचा मोह होतो, पण हिशेब खरा लिहिला पाहिजे. त्या सहांतली दोन मुले आठवीनंतर भट्टीवर गेली ती परतली नाहीत. एकीचे लग्न झाले. उरलेली तिघे आश्रमशाळेतून दहावीपर्यंत पोचली. माझा जुना मोबाइल केव्हाच निकामी झाला. त्याच्या जागी आमच्या इमारतीतल्या चौघांनी मिळून पाच पाठवले, त्यांत समोरच्या युरोपवाल्यांचा एक आहे. पाठवताना आम्ही एक चिठ्ठी घातली: कोणाला द्यायचे ते गुरुजींनी ठरवावे.

मे २०२५ मध्ये दहावीचा निकाल लागला, त्यानंतरच्या रविवारी सकाळी माझा फोन वाजला. पलीकडून वाऱ्याचा आवाज येत होता, त्यावरून ओळखले की बोलणारे टेकाडावर आहे.

"आजोबा, पास झाले. एकसष्ट टक्के."

मी हिला हाक मारली. ही हात पुसत धावत आली. काय बोलावे ते दोघांनाही सुचेना, म्हणून मी तिला विषयवार गुण विचारू लागलो. मागून पोरांचा गलका ऐकू येत होता.

"कोण गं एवढं ओरडतंय?"

"पाचवीची पोरं आहेत. सुट्टीत घरी आले की मी घेते त्यांना, आंब्याखाली," चिमणी म्हणाली. "ठेवते आजोबा. फोन त्यांना द्यायचाय. त्यांचा वार आहे."